मधल्या घराचे उत्पन्न : ग्रामीण काउंटीच्या आकड्यांची चिकित्सा

एखाद्या ग्रामीण प्रदेशातील लोकांची आर्थिक स्थिती सुधारली की खालावली, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला अवघड आहे. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच आकड्यात देतात. तो आकडा म्हणजे काउंटीतील कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक. काउंटी हा आपल्या जिल्ह्याच्या जवळचा प्रशासकीय घटक असला, तरी त्याची लोकसंख्या पुष्कळदा एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच असते. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २००० साली ६७, २०१० साली ८२ आणि २०२० साली ६४ होती. इतक्या थोड्या माणसांच्या उत्पन्नाचा आकडा दरवर्षी तयार होतो, छापला जातो आणि त्यावरून आलेखही काढले जातात. हा आकडा कसा जन्माला येतो, त्यात काय धरले जाते, काय सुटते, आणि निरनिराळ्या सालांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे कितपत योग्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. विषय परदेशातील असला तरी त्यातून निघणारा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या टेबलावर रोज येऊन पडतो. त्याचा विचार शेवटी केला आहे.

१. शब्दांचा घोटाळा

चिकित्सेची सुरुवात शब्दांपासून करावी लागते. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन निराळे शब्द आहेत. उर्दू माध्यमाच्या गणितातही औसत आणि वस्तानिया हे भिन्न शब्द आहेत. तरीही वृत्तपत्रांत, आणि कधीकधी शोधनिबंधांतही, या साऱ्यांसाठी ‘सरासरी’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. त्यामुळे होणारा गोंधळ किरकोळ नसतो. समजा, एका वस्तीत पाच घरे आहेत आणि त्यांची वार्षिक उत्पन्ने अनुक्रमे १२, १५, १६, ४० आणि ९० हजार आहेत. त्यांची सरासरी ३४,६०० येते, तर मध्यक १६,००० येतो. सरासरीएवढी मिळकत या वस्तीत कोणाचीच नाही. मध्यक मात्र रांगेत मधोमध उभ्या असलेल्या खऱ्या घराची मिळकत सांगतो. नव्वद हजारांच्या जागी नऊ लाख आले तरी तो जागचा हलत नाही. गरीब प्रदेशाचे वर्णन करताना मध्यकाला पसंती मिळते ती यामुळेच.

दुसरा शब्द ‘कुटुंब’. अमेरिकेच्या जनगणनेत ‘फॅमिली’ आणि ‘हाउसहोल्ड’ यांत स्पष्ट भेद आहे. रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने बांधलेली, एकत्र राहणारी दोन किंवा अधिक माणसे म्हणजे फॅमिली. एका निवासात राहणारी सर्व माणसे म्हणजे हाउसहोल्ड, मग त्यांच्यात नाते असो वा नसो. एकटी राहणारी विधवाही एक हाउसहोल्डच ठरते. फॅमिलीच्या आकड्यातून एकटे राहणारे गळतात, म्हणून फॅमिलीचा मध्यक सामान्यतः वरचा येतो. भारताच्या जनगणनेत मात्र एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. मराठीत भाऊ वेगळे झाले की ‘वेगळी चूल मांडली’ असे म्हणतात. आपली जनगणना जवळपास तीच कसोटी लावते. तिकडे दार मोजतात, इकडे चूल मोजतात. त्यामुळे दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी, मोजलेली वस्तू एकच आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. मराठीत दोन्ही शब्दांना ‘कुटुंब’ म्हणण्याची रीत पडल्याने वाचकाला हा भेद कळतच नाही. प्रस्तुत लेखात ‘कुटुंब’ हा शब्द ‘हाउसहोल्ड’ या अर्थीच योजला आहे.

२. मोजणीचा इतिहास आणि त्यातील सांधे

अमेरिकेच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न प्रथम १९४० साली विचारला गेला. तो फक्त मजुरी आणि पगारापुरता होता. अन्य मार्गांनी पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक मिळाले का, याचे उत्तर केवळ होय किंवा नाही असे घेतले गेले. स्वतःची शेती कसणाऱ्याची खरी मिळकत त्यात आलीच नाही. म्हणजे ग्रामीण भागाच्या दृष्टीने ती मोजणी निम्मी आंधळी होती. १९५० साली सर्व प्रकारच्या उत्पन्नाची विचारणा झाली, परंतु ती नमुन्यातील लोकांपुरतीच. काउंटीनिहाय कुटुंब उत्पन्नाचा मध्यक १९६९, १९७९, १९८९ आणि १९९९ या वर्षांसाठी उपलब्ध आहे. जनगणना दशकारंभी होत असे आणि प्रश्न आदल्या वर्षाच्या उत्पन्नाचा असे, म्हणून ही साले नऊच्या अंकाने संपतात.

२००० सालची जनगणना ही लांब प्रश्नावली वापरणारी शेवटची. देशात साधारण सहा घरांमागे एका घराला ती दिली गेली होती आणि लहान वस्त्यांत हे प्रमाण अधिक होते. त्यानंतर तिची जागा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या अखंड चालणाऱ्या पाहणीने घेतली. २००५ पासून ती पूर्ण स्वरूपात सुरू झाली. अलीकडे वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते तिच्यासाठी निवडले जातात. ६५ हजारांहून अधिक वस्तीच्या प्रदेशाला एका वर्षाच्या पाहणीवरून आकडा मिळतो. त्याहून लहान काउंटीसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करावी लागतात. असा पहिला पंचवार्षिक आकडा २००५ ते २००९ या काळाचा असून तो डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

कालमालिकेतला पहिला सांधा येथेच येतो. जनगणना एका पंचांगी वर्षाचे उत्पन्न विचारत असे. नवी पाहणी ‘गेल्या बारा महिन्यांत किती मिळाले’ असे विचारते आणि हा प्रश्न वर्षभर निरनिराळ्या घरांना निरनिराळ्या महिन्यांत पोहोचतो. मग सर्व उत्तरे किंमत निर्देशांकाने शेवटच्या वर्षाच्या पैशात रूपांतरित केली जातात. परिणामी २००५–२००९ चा आकडा ‘२००९ चे उत्पन्न’ म्हणून वाचणे चूक ठरते. त्यात २००८ च्या मंदीपूर्वीची बरी वर्षेही आहेत आणि मंदीतली पडती वर्षेही. चांगला आणि वाईट काळ एकाच भांड्यात ढवळला गेला आहे.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. पंचवार्षिक आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. २०१०–२०१४ आणि २०११–२०१५ या दोन आकड्यांत चार वर्षांची उत्तरे सामाईक असतात. त्यांतील फरक म्हणजे एक वर्ष गळले आणि एक वर्ष आले, एवढाच. तरी अनेक अहवालांत हे आकडे एका ओळीत मांडून ‘दरवर्षीची वाढ’ दाखवलेली आढळते. काल शोधायचा असेल तर एकमेकांवर न चढणारे टप्पे घ्यावे लागतात, जसे २००५–२००९, २०१०–२०१४ आणि २०१५–२०१९.

३. त्रुटीची मर्यादा कोण वाचतो?

जनगणना विभाग प्रत्येक आकड्यासोबत ९० टक्के विश्वासपातळीची त्रुटीमर्यादा छापतो, ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून नोंदवली पाहिजे. दोष बहुधा वापरणाऱ्यांकडे जातो. आकडा उचलला जातो आणि शेजारचा स्तंभ तसाच राहतो. समजा, एका काउंटीचा मध्यक आधी २०,००० डॉलर होता, अधिक-उणे ३,०००. पुढील टप्प्यात तो २३,००० झाला, अधिक-उणे ३,५००. वरवर पाहता पंधरा टक्क्यांची वाढ दिसते. परंतु दोन मर्यादांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर फरकाची मर्यादा सुमारे ४,६०० येते. तीन हजारांचा फरक तिच्या आतच राहतो. म्हणजे उत्पन्न वाढले असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही. घटले असेही म्हणता येत नाही. शाळेतल्या बीजगणितावर भागणारा हा हिशेब न केल्यामुळे कित्येक ‘विकासाच्या कहाण्या’ रचल्या जातात.

४. उसने बळ

लहान काउंटीचा वार्षिक आकडा हवाच असेल तर जनगणना विभागाचा आणखी एक कार्यक्रम आहे. लघुक्षेत्रांच्या उत्पन्नाचे व दारिद्र्याचे अंदाज तयार करणाऱ्या या कार्यक्रमाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘सेप’ असे उच्चारता येईल. त्यामागचा विचार जुना आहे. १९७२ च्या कायद्याने केंद्रीय महसुलाचा वाटा स्थानिक शासनांना द्यायचा ठरला. त्यासाठी अगदी छोट्या गावांचेही दरडोई उत्पन्न हवे होते. पाचशेहून कमी वस्तीच्या गावांत नमुन्यात आलेली घरे इतकी थोडी होती, की आकडा नुसताच हेलकावे खाई. रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ साली यावर मार्ग सुचवला. गावाची स्वतःची पाहणी आणि इतर नोंदींवरून बांधलेले भाकीत या दोहोंचे मिश्रण करावे. पाहणी जितकी भक्कम तितका तिला अधिक मान, आणि ती जितकी दुबळी तितका भाकिताकडे अधिक कल. आज अशा मिश्रणाला त्या दोघांच्याच नावाने ओळखतात.

सेप कार्यक्रमात भाकितासाठी प्राप्तिकर विवरणपत्रे, अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या, आर्थिक विश्लेषण विभागाचे वैयक्तिक उत्पन्नाचे आकडे आणि पूर्वीच्या मोजणीचे आकडे उपयोगी पडतात. ही युक्ती निःसंशय उपयुक्त आहे. तिच्यामुळे आकड्याचे हेलकावे कमी होतात आणि दरवर्षी काहीतरी हाती लागते. १९९४ च्या कायद्यानंतर गरीब मुलांच्या शाळांना मिळणारे केंद्रीय अनुदान वाटण्यासाठीही याच कार्यक्रमातील दारिद्र्याचे अंदाज वापरात आले. म्हणजे या गणितावर खऱ्या शाळांचा खरा पैसा अवलंबून आहे.

परंतु उसने बळ हे शेवटी उसनेच असते. भाकीत म्हणजे ‘तुझ्यासारख्या इतर काउंट्यांचे साधारण असे असते’ हे सांगणे. जी काउंटी इतरांसारखी नाही, तिचे वेगळेपणच त्यात पुसट होण्याचा संभव असतो. निव्वळ वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या पुष्कळांना प्राप्तिकर विवरणपत्र भरावेच लागत नाही. असे लोक ज्या प्रदेशात जास्त, तेथे कराच्या नोंदी कमी बोलतात. शिवाय २००५ मध्ये या कार्यक्रमाचा पाया बदलला. पूर्वी तो चालू लोकसंख्या पाहणीवर आधारलेला होता, नंतर तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेवर आला. २००४ आणि २००५ च्या आकड्यांमध्ये दिसणारा फरक काउंटीतल्या माणसांचा आहे की पाहणीतल्या बदलाचा, हे आलेखावरून सांगता येत नाही.

५. दोन काउंट्या, दोन निकाल

वरील चर्चेची कसोटी प्रत्यक्ष उदाहरणावर घ्यावी. केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील ओव्स्ली काउंटी आणि साउथ डकोटातील शॅनन काउंटी या दोन्ही अत्यंत गरीब म्हणून ओळखल्या जातात. शॅनन काउंटी ही लाकोटा आदिवासींच्या पाइन रिज राखीव प्रदेशात येते. २००० च्या जनगणनेत ओव्स्लीची लोकसंख्या ४,८५८ तर शॅननची १२,४६६ होती. १९९९ चे कुटुंब उत्पन्न मध्यकाने ओव्स्लीत १५,८०५ डॉलर आणि शॅननमध्ये २०,९१६ डॉलर होते. देशाचा मध्यक ४१,९९४ होता. म्हणजे देशाच्या तुलनेत ओव्स्ली ३८ टक्क्यांवर आणि शॅनन ५० टक्क्यांवर. या हिशेबाने ओव्स्ली अधिक गरीब ठरते.

आता त्याच जनगणनेतील दरडोई उत्पन्न पाहावे. ओव्स्लीत ते १०,७४२ डॉलर, शॅननमध्ये अवघे ६,२८६ आणि देशात २१,५८७. येथे ओव्स्ली देशाच्या ५० टक्क्यांवर, तर शॅनन २९ टक्क्यांवर येते. निकाल पूर्ण उलटला. दरडोई आकडा ही सरासरी असल्याने तिला श्रीमंत घरे वर ओढतात, हे एक कारण असू शकते. पण मुख्य कारण घराच्या आकारात आहे. ओव्स्लीत एका घरात सुमारे अडीच माणसे होती आणि शॅननमध्ये ४.३६. जास्त माणसे एका छपराखाली राहिली की त्यांच्या मिळकती एकत्र होतात आणि घराचे उत्पन्न मोठे दिसते. पण त्या उत्पन्नावर जेवणारी तोंडेही तितकीच जास्त असतात. घरे बांधली जात नाहीत म्हणून तीन पिढ्या एका घरात कोंबल्या गेल्या, तर मध्यक वर जाईल. त्या वाढीला समृद्धी म्हणता येणार नाही.

शॅनन काउंटीचे नाव २०१५ पासून ओग्लाला लाकोटा असे झाले. लोकांनी मत देऊन घडवलेला हा बदल सन्मानाचा होता. त्याबरोबर काउंटीचा सांख्यिकी सांकेतांकही ४६११३ वरून ४६१०२ झाला. यंत्राने जुनी-नवी कोष्टके जोडणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर एक काउंटी २०१५ च्या सुमारास नाहीशी झालेली आणि दुसरी आभाळातून पडलेली दिसते. देशातल्या सर्वांत गरीब प्रदेशांपैकी एक अशा रीतीने मालिकेतून निसटू शकतो.

६. महागाई आणि निघून गेलेली माणसे

काळाची तुलना करताना पैशाचे मोल समान करावे लागते. अमेरिकेचा प्रचलित ग्राहक किंमत निर्देशांक १९९९ साली १६६.६ आणि २०१९ साली २५५.७ होता. म्हणजे ओव्स्लीचे १५,८०५ डॉलर २०१९ च्या पैशात सुमारे २४,२५० होतात. त्याहून कमी आकडा दिसला तर तो छापील वाढ असूनही घटच समजावी. पण हा निर्देशांक कोणाचा आहे? त्याच्या नावातच ‘सर्व शहरी ग्राहक’ असे आहे. महानगरांपासून दूरच्या ग्रामीण भागातील रहिवासी आणि शेतकरी कुटुंबे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. काउंटीनिहाय किंमत निर्देशांक तर निघतच नाही. परिणामी खेड्याच्या मिळकतीला शहराच्या बाजारभावाने भागले जाते. खेड्यात घरभाडे कमी आणि पेट्रोलवरचा खर्च जास्त, ही सामान्य अनुभवाची बाब या भागाकारात दिसत नाही.

उत्पन्नाच्या व्याख्येतही अशाच फटी आहेत. जनगणना विभाग करपूर्व रोख उत्पन्न मोजतो. अन्नसाहाय्य, सरकारी वैद्यकीय मदत, परसातला भाजीपाला यांतले काहीच त्यात धरले जात नाही. मेयर, मोक आणि सलिव्हन या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की पाहण्यांत सरकारी साहाय्याची मिळकत कमी सांगितली जाते आणि ही तूट काळानुसार वाढत गेली आहे. म्हणजे गरीब प्रदेशाच्या मालिकेत एक खोटा उतार आपोआप मिसळतो.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की मध्यक हा एकाच घराचा पाठलाग करत नाही. ओव्स्लीची लोकसंख्या २०१० साली ४,७५५ आणि २०२० साली ४,०५१ झाली. जी माणसे गेली ती आकड्यातूनही गेली. समजा, सात घरांची उत्पन्ने ९, ११, १४, १८, २२, ३० आणि ४५ हजार आहेत. मध्यक १८. सर्वांत गरीब दोन घरे कामाच्या शोधात गाव सोडून गेली. उरलेल्या पाचांचा मध्यक २२. कोणाच्याही मिळकतीत एका डॉलरची भर पडली नाही, तरी काउंटी ‘सुधारली’. उलट तरुण कमावते निघून गेले आणि वृद्ध उरले, तर मध्यक खाली येईल, जरी गेलेल्यांचे बरे चालले असेल. स्थलांतर न पाहता मध्यकाची रेघ वाचणे म्हणजे वर्गातली हजेरी न पाहता निकालाची टक्केवारी वाचण्यासारखे आहे.

७. आपल्याकडील संदर्भ

भारतात जिल्हानिहाय कुटुंब उत्पन्नाची अशी अखंड मालिका नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी प्रामुख्याने खर्च मोजत आली. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीची नेमणूक २००५ साली झाली व अहवाल २००६ साली आला. तिलाही मुस्लिम समाजाची आर्थिक स्थिती दरडोई मासिक खर्चावरूनच मांडावी लागली. खर्च हा उत्पन्नाचा पर्याय म्हणून घेतला तर कर्ज काढून केलेला खर्चही सुस्थितीच दाखवतो, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तथापि समितीने दरडोई माप वापरले हे योग्यच झाले. ओव्स्ली आणि शॅननचे उदाहरण त्याचे कारण सांगते. भारत मानव विकास पाहणीने २००४-०५ मध्ये सुमारे ४१ हजार कुटुंबांचे उत्पन्न नोंदवले आणि २०११-१२ मध्ये बहुतांशी त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाऊन विचारणा केली. घरांचा पाठलाग करण्याची ही पद्धत मध्यकाची वर सांगितलेली उणीव भरून काढते, मात्र जिल्ह्याच्या पातळीवर निष्कर्ष काढण्याइतका तिचा नमुना मोठा नव्हता.

अध्यापकांचा या साऱ्याशी रोजचा संबंध येतो तो उत्पन्नाच्या दाखल्याने. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वार्षिक एक लाख रुपये ठरली होती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची दोन लाख. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ महागाई चढत गेली तरी हे आकडे तसेच राहिले. शिवाय पालकांच्या उत्पन्नावर घर किती जणांचे चालते, हे मर्यादेत कोठेच विचारले जात नव्हते. चौघांच्या घरातला लाख आणि नऊजणांच्या घरातला लाख एकाच मापाने मोजला गेला. म्हणजे काळाची आणि घराच्या आकाराची, अशा दोन्ही चुका एका साध्या अर्जात एकवटल्या. वर्ष उलटत गेले तसे खरोखर गरीब असलेले विद्यार्थी कागदावर ‘मर्यादेबाहेर’ जात राहिले.

निष्कर्ष

कुटुंब उत्पन्नाचा मध्यक टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. एका आकड्यात सांगायचे तर त्याहून बरा आकडा मिळणे कठीण आहे. परंतु तो एकटा उभा करू नये. त्याच्या शेजारी घरांची संख्या, घराचा सरासरी आकार, दरडोई उत्पन्न, लोकसंख्येतील चढउतार आणि त्रुटीची मर्यादा अशा पाच गोष्टी ठेवाव्यात. जेथे मोजणीची पद्धत बदलली तेथे आलेखाची रेघ तोडून दाखवावी, गुळगुळीत करू नये. परस्परव्याप्त वर्षे टाळावीत. प्रतिमानातून आलेला आकडा ‘अंदाज’ म्हणूनच छापावा.

अर्थशास्त्राच्या वर्गात हे शिकवले जाईलच. पण भाषेच्या वर्गातही याला जागा आहे. ‘सरासरी’, ‘मध्यक’, ‘कुटुंब’, ‘उत्पन्न’ हे शब्द विद्यार्थ्याच्या हातून अर्जावर, उताऱ्यात आणि बातमीत सतत जात असतात. यांतला कोणता शब्द काय मोजतो आणि कोणाला वगळतो, हे ज्याला कळले तो विद्यार्थी आपल्याविषयी छापलेला आकडा निमूटपणे मान्य करणार नाही. तो आधी विचारील : ही घरे कोणती मोजली, केव्हा मोजली आणि जी घरे गेली त्यांचे काय झाले?